लेन्सच्या आत काय मोजलंत, ते आम्हालाही दाखवा

प्रति,
भारतात कॅमेरे आणि लेन्स विकणाऱ्या कंपन्यांचे व्यवस्थापन,
त्यांचे ग्राहकसेवा विभाग आणि अधिकृत सर्व्हिस सेंटर यांस

स.न.वि.वि.

‘लेन्स तपासली. कंपनीच्या मानकांनुसार आहे. दोष आढळला नाही.’

फोटोची उजवी बाजू अस्पष्ट येते, अशी तक्रार करून मी माझी लेन्स तपासायला दिली होती. तुमच्यापैकी एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने तिच्यासोबत परत पाठवलेल्या कागदावर एवढंच लिहिलं आहे. ही मानकं कोणती, तपासणी कशावर केली, किती अपर्चरला (म्हणजे प्रकाश आत येण्याचं भोक किती उघडं ठेवून) केली, माझ्या लेन्सचे आकडे काय आले आणि किती आले असते तर तुम्ही दोष मानला असता, यातलं एक अक्षर त्या कागदावर नाही. फोन करून विचारलं तेव्हा ‘ती माहिती अंतर्गत असते’ असं सांगण्यात आलं. पाठोपाठ तक्रार बंद केल्याचा मेसेज आला. हे उत्तर मला मान्य नाही आणि ते मी मुकाट्याने घेणारही नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहे.

कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही. एक तर तिच्याशी माझा पत्रव्यवहार अजून चालू आहे. दुसरं असं की सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या फोटोग्राफर मित्रांशी बोलल्यावर लक्षात आलं, ब्रँड बदलला तरी कागदावरचं वाक्य बदलत नाही. तेव्हा पत्र तुम्हा सर्वांनाच आहे.

मी कराडमध्ये फोटोग्राफी करतो. लग्न, साखरपुडा, बारसं, शाळेचे वर्गफोटो, पतसंस्थांच्या वार्षिक सभा, जे काम येईल ते. घर यावरच चालतं. तुळशीची लग्नं लागली की आमचा सीझन सुरू होतो. त्याच्या तोंडावर मी २४-७० एफ २.८ ही झूम लेन्स घेतली. अधिकृत विक्रेत्याकडून, जीएसटीच्या पक्क्या बिलावर, हप्ते बांधून. किंमत पावणेदोन लाखांच्या घरात. ग्रे मार्केटमध्ये, म्हणजे कंपनीच्या अधिकृत साखळीबाहेरून आलेल्या मालाच्या बाजारात, हीच लेन्स बरीच स्वस्त मिळत होती. तिकडे गेलो नाही, कारण उद्या काही झालं तर कंपनी पाठीशी असावी एवढाच हिशेब होता. वरचे पैसे मी त्या भरवशाचे मोजले.

लेन्सवर बाहेरून ओरखडा नाही. ती कधी पडली नाही, भिजली नाही. टॉर्च मारून आत पाहिलं तर काचा स्वच्छ आहेत. दोष दिसतो तो फोटोत. फ्रेमची उजवी बाजू, त्यातही खालचा कोपरा, सॉफ्ट म्हणजे पुसट येतो. डावी बाजू त्याच अंतरावर, त्याच अपर्चरला अगदी शार्प. २४ ते ३५ मिमीच्या टप्प्यात, म्हणजे रुंद दृश्य घेताना, हे सगळ्यात जास्त जाणवतं, ७० मिमीला बरंच कमी. अपर्चर एफ ८ पर्यंत बंद केलं (एफचा आकडा जितका मोठा, तितकं भोक लहान) की झाकलं जातं, पण पूर्ण जात नाही.

फोटोग्राफीशी संबंध नसलेल्या वाचकांसाठी थोडं थांबून सांगतो. अशा झूम लेन्समध्ये पंधरा-वीस काचा असतात. त्यांना आम्ही एलिमेंट म्हणतो. त्या गटागटाने बसवलेल्या असतात, झूम फिरवला किंवा फोकस केला की काही गट पुढेमागे सरकतात. या सगळ्या काचांचे मध्य एका सरळ रेषेत यावे लागतात. एखादी काच मिलिमीटरच्या अगदी लहान अंशाने बाजूला सरकली किंवा तिरकी बसली, की चित्राची एक बाजू बिघडते. याला डीसेंटरिंग म्हणतात. लेन्स जितकी गुंतागुंतीची, तितकी ही शक्यता जास्त.

आता मुद्दा पाहा. कोणत्याही लेन्सचे कोपरे मधल्या भागापेक्षा थोडे कमजोरच असतात, हे मी जाणतो आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण लेन्सचा आराखडा मध्याभोवती गोल असतो. आराखड्यातून येणारी उणीव चारही कोपऱ्यांत सारखीच उतरते. चित्र जिथे स्पष्ट येतं तो फोकसचा पृष्ठभाग सपाट नसून वाकलेला असला तरी तो सगळीकडे सारखा वाकतो. एकाच बाजूला येणारी उणीव आराखड्यातली नसते, ती जुळणीतली असते. म्हणजे ‘या मॉडेलचं असंच असतं’ हे उत्तर माझ्या तक्रारीला लागूच होत नाही.

लेन्स पाठवण्याआधी मी काय तपासलं तेही सांगतो, कारण ते कोणालाही घरी करता येतं. सपाट, दगडी बांधकामाची भिंत घेतली. कॅमेरा ट्रायपॉडवर, भिंतीला नीट समोरासमोर. स्टॅबिलायझेशन बंद, टायमर लावलेला, अपर्चर पूर्ण उघडं, लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावर, चित्र मोठं करून फोकस. फोटोत उजवी बाजू सॉफ्ट आली. मग भिंतच तिरकी तर नाही ना, ही शंका काढायला कॅमेरा उलटा केला, खालची बाजू वर. भिंतीमुळे फरक पडत असता तर भिंतीचा तोच भाग पुन्हा सॉफ्ट आला असता. तसं झालं नाही. आता भिंतीचा दुसरा भाग बिघडला आणि फ्रेममध्ये ती पुन्हा उजवीच बाजू होती. म्हणजे भिंत सुटली. बॉडीचा, म्हणजे कॅमेऱ्याचाच, सेन्सर (चित्र टिपणारा भाग) किंवा माउंट (लेन्स बसते ती कडी) तिरका असेल, म्हणून त्याच बॉडीवर दुसरी लेन्स लावली. ती चारही कोपऱ्यांत सारखी. मग माझी लेन्स मित्राच्या बॉडीवर लावली. तिथेही उजवी बाजू गेली. रात्री लांबचा एक दिवा आळीपाळीने चारही कोपऱ्यांत घेऊन पाहिला. तीन कोपऱ्यांत तो ठिपका दिसतो, उजव्या खालच्या कोपऱ्यात त्याला शेपूट फुटतं. हे सगळे फोटो, कॅमेऱ्याने टिपलेल्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या रॉ फाइल्ससकट, मी पेनड्राइव्हमध्ये घालून लेन्सबरोबर दिले होते. ते कोणी उघडून पाहिले की नाही, याचाही त्या कागदावर उल्लेख नाही.

कडेचे चार लोक जरा अस्पष्ट आले तर एवढं काय बिघडलं, असं तुमच्या कार्यालयात कुणाला वाटत असेल तर आमच्याकडच्या लग्नातला ग्रुप फोटो कसा असतो ते ऐका. स्टेजवर मधे नवरा-नवरी. शेजारी आई-वडील, पुढे खुर्च्यांवर आजी-आजोबा, मग काका-काकू, मामा-मामी, आत्या. कडेला कोण येतं? ज्यांना ‘या की वर’ म्हणत हाताला धरून आणावं लागतं ती माणसं. पंगतीत वाढप करून घाम पुसत आलेले चुलतभाऊ. कडेवर पोर घेतलेली, पदर सावरत उभी राहिलेली बहीण. गावाकडून सकाळच्या एसटीने आलेली लांबची मावशी. त्यांच्यापैकी कितीतरी जणांचा चांगल्या कॅमेऱ्याने काढलेला तेवढाच एक फोटो असतो. हॉलमधल्या प्रकाशात मी तो एफ ४ च्या आसपास काढतो आणि ही लेन्स नेमकी त्याच माणसांना पुसट करते.

एका लग्नात नवरीकडची मंडळी उजवीकडे उभी राहिली होती. अल्बमची मोठी पानं छापून गेली आणि नवरीच्या मामांचा फोन आला. “आमच्याच बाजूची माणसं अशी का आली? तिकडची तर झकास आलीत.” त्यांच्या आवाजात रागापेक्षा वाईट वाटणं जास्त होतं. लग्नघरात मानपान किती नाजूक असतात, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. आत एक काच तिरकी बसली आहे हे त्यांना मी कोणत्या शब्दांत सांगणार? आणि सांगून काय होणार? ती माणसं पुन्हा त्या कपड्यांत, त्या दिवशीच्या चेहऱ्यांनी एकत्र उभी राहणार नाहीत.

आता तुमच्याबद्दलच्या तक्रारी.

सगळ्यात मोठी तक्रार तपासणीची. लेन्स तुम्ही बनवता, तुम्हीच विकता, बिघाडाची तक्रार तुमच्याकडेच करायची, तपासणी तुम्ही बंद खोलीत करता, मानकं तुम्ही ठरवता, ती गुप्त ठेवता आणि निकालही तुम्हीच देता. त्यावर अपील नाही. बाजारातल्या भाजीवाल्याच्या वजनकाट्यावरसुद्धा वैधमापन विभागाचा शिक्का लागतो आणि काटा गिऱ्हाइकाच्या समोर असतो. पावणेदोन लाखांच्या वस्तूचा काटा मात्र मला दाखवलाच जात नाही. माझ्या लेन्सबरोबर चाचणीचा म्हणून जो एक फोटो आला, त्यात चाचणीसाठी छापलेला तक्ता फ्रेमच्या मधोमध आहे आणि शार्प आहे. मधला भाग शार्प आहे हे मीच तक्रारीत लिहिलं होतं. विचारलं होतं कडेबद्दल, दाखवला मध्य. जॉब शीटवर, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदावर, ‘सफाई व ऑटोफोकस कॅलिब्रेशन केले’ अशी नोंद आहे. ऑटोफोकसचं कॅलिब्रेशन फोकस पुढेमागे हलवतं. तिरकी काच त्याने सरळ होत नाही, हे तुमच्या तंत्रज्ञांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

मानकं असूच नयेत असं मी म्हणत नाही. अचूक शून्य चुकीची लेन्स जगात कोणी बनवू शकत नाही. अमेरिकेत लेन्स भाड्याने देणाऱ्या लेन्सरेंटल्स या कंपनीचे संस्थापक रॉजर सिकाला यांनी एकेका मॉडेलच्या दहा-दहा प्रती ऑप्टिकल बेंचवर, म्हणजे लेन्स मोजायच्या यंत्रावर, मोजल्या आणि निकाल लोकांसमोर मांडत राहिले. एकाच मॉडेलच्या दोन प्रती तंतोतंत सारख्या नसतात आणि झूममध्ये हा फरक सहसा प्राइम, म्हणजे झूम न होणाऱ्या, लेन्सपेक्षा जास्त असतो, हे त्यातून सगळ्यांना कळलं. लेन्समध्ये थोडी धूळ असतेच आणि तिने फोटो बिघडत नाही, हेही अशाच लोकांनी आम्हाला शिकवलं. त्यामुळे आतल्या धुळीच्या कणावरून मी तुमच्या दारात आलो नसतो. फरक असणारच असेल, तर किती फरक चालतो हे सांगायला अडचण कोणती?

दुसरी तक्रार जाहिरातीची. तुमच्या माहितीपत्रकात ‘कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत शार्प’ असं लिहिलेलं असतं आणि खाली एमटीएफचा, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत चित्र किती स्पष्ट येतं ते दाखवणारा, आलेख असतो. १० आणि ३० रेषा प्रति मिलिमीटरच्या त्या रेघा पाहून आम्ही लेन्स ठरवतो. तो आलेख मध्यापासून सुरू होऊन कोपऱ्यापर्यंत, म्हणजे फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्याला साधारण २१.६ मिमी, एकाच दिशेने काढलेला असतो. डावीकडचा वेगळा, उजवीकडचा वेगळा असे दोन आलेख कधी नसतात, कारण चारही दिशांना चित्र सारखंच येणार हे त्यात गृहीत धरलेलं आहे. तुम्ही छापलेल्या आलेखाचं हे वचन आहे. अनेक कंपन्यांचे हे आलेख आराखड्यावरून गणिताने काढलेले असतात, तयार लेन्स मोजून नव्हे. विकताना आदर्श लेन्सचा आलेख दाखवायचा आणि तक्रार आली की न सांगितलेल्या मानकांवर बोट ठेवायचं, हे मला पटत नाही.

विक्रेत्याचं म्हणणं, बॉक्सचं सील तुटलं की त्यांची जबाबदारी संपते. सील न तोडता लेन्सच्या आतला दोष कसा ओळखायचा, याचं उत्तर त्यांच्याकडे नाही. त्यांना दोष तरी किती देऊ? वरून बदलून मिळत नाही म्हणून ते खाली बदलून देत नाहीत.

लेन्स तुमच्याकडे पडून होती तेव्हा सीझन ऐन भरात होता. बदली लेन्स मिळाली नाही. पुण्याहून भाड्याने आणून कामं उरकली, एक काम हातचं गेलं. हप्ता मात्र दर महिन्याला ठरल्या तारखेला कापला गेला. वॉरंटीचे दिवस त्या काळातही मोजले जात राहिले.

आणखी एक गोष्ट काउंटरवर तोंडी ऐकवली गेली: ‘तुम्ही कमर्शियल वापर करता, घरगुती ग्राहकासारखी अपेक्षा ठेवू नका.’ माझ्यासारख्या अनेकांना हे ऐकवलं जातं आणि बरेच जण तिथेच गप्प बसतात. त्यांनी गप्प बसू नये. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तू वगळल्या आहेत हे खरं, पण तिथेच स्पष्टीकरण दिलं आहे की केवळ स्वयंरोजगारातून आपली उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू ही त्या व्यापारी हेतूत धरली जात नाही. एकट्याने कॅमेरा खांद्याला लावून घर चालवणारा फोटोग्राफर हा ग्राहकच आहे.

त्याच कायद्यात दोष कशाला म्हणायचं हेही लिहिलं आहे. वस्तूच्या गुणवत्तेत किंवा दर्जात राहिलेली उणीव, आणि तो दर्जा कायद्याने ठरवलेला असू शकतो, करारातून आलेला असू शकतो, किंवा विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे केलेल्या दाव्यातून आलेला असू शकतो. म्हणजे दोष ठरवताना तुमचं अंतर्गत मानक हा एकच आधार नाही. तुमचं माहितीपत्रकही तितकंच मोजलं जाईल. वस्तूच्या दर्जाची माहिती मिळणं हा कायद्याने ग्राहकाचा हक्क आहे. सदोष वस्तू परत घ्यायला आणि पैसे द्यायला, बिलात दिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत नसेल तर तीस दिवसांत, नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. कायद्याची ही कलमं मी धमकी म्हणून लिहीत नाही. हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येक फोटोग्राफरला ती पाठ असावीत म्हणून लिहितो आहे.

कंपन्यांनी प्रामाणिकपणे दोष मान्य केले की काय होतं, याची उदाहरणं तुमच्याच व्यवसायात आहेत. २००५ मध्ये कॅननची २४-१०५ एफ ४ एल ही लेन्स आली. सुरुवातीच्या प्रतींमध्ये विशिष्ट प्रकाशात फ्लेअर, म्हणजे चित्रावर नको असलेली उजेडाची झाक, येतो असं निघालं. कंपनीने ते जाहीरपणे सांगितलं, त्या प्रती ओळखायच्या कशा ते सांगितलं आणि त्या मोफत दुरुस्त करून दिल्या. ती लेन्स पुढे वर्षानुवर्षं आमच्या लोकांच्या बॅगेत राहिली. निकॉनच्या डी ६०० या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर डाग पडण्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा फेब्रुवारी २०१४ मध्ये कंपनीने वॉरंटी संपलेल्या ग्राहकांनाही मोफत सेवा जाहीर केली. पण तोवर उशीर झाला होता. पुढच्याच महिन्यात चीनमधल्या सरकारी दूरचित्रवाणीवर ग्राहक दिनाच्या कार्यक्रमात तो प्रश्न गाजला आणि शांघायमध्ये त्या कॅमेऱ्याची विक्री थांबवायचा आदेश निघाला. सिग्माने २०१२ मध्ये सांगितलं की नव्या मालिकेतली प्रत्येक लेन्स कारखान्यातून बाहेर पडण्याआधी ए१ नावाच्या यंत्रणेवर एमटीएफसाठी मोजली जाईल. मोजणं शक्य आहे, दोष मान्य करणं शक्य आहे, आणि त्याने कोणतीही कंपनी बुडाली नाही.

दुरुस्तीही अशक्य नाही. अनेक लेन्समध्ये काही एलिमेंट जुळवता यावेत म्हणून आत सोय ठेवलेली असते. कुठे फिरवता येणारी विकेंद्री (मध्य एका बाजूला असलेली) कडी असते, कुठे बारीक चकत्या घालून काचेचा तिरकेपणा काढतात. त्यासाठी योग्य उपकरण, प्रशिक्षित हात आणि वेळ लागतो. तुमच्या तंत्रज्ञांच्या कौशल्याबद्दल मला आदर आहे. ज्या माणसाने माझी लेन्स हातात घेतली, त्याला कदाचित दोष दिसलाही असेल. तो दिसल्यावर लिहायची मुभा त्याला आहे का, हा माझा प्रश्न आहे, आणि तो त्याला नाही, तुम्हाला आहे.

मित्रांनी मला एक सोपा मार्ग सुचवला होता. “बॉक्स, बिल सगळं आहे, विकून टाक. घेणाऱ्याला काही कळत नाही.” वाईट हेतूने नाही, माझा तोटा वाचावा म्हणून. जुन्या लेन्सच्या बाजारात हे रोज घडतं. जिची तक्रार अशी बंद झाली, ती लेन्स पुढे नव्याने धंद्यात उतरलेल्या, कर्ज काढून सेकंडहँड सामान घेणाऱ्या पोराच्या हाती पडते. महिनोन्महिने त्याला वाटत राहतं की आपलाच हात हलतो, आपल्यालाच फोकस जमत नाही. मी ती विकणार नाही. पण तुमची कार्यपद्धती लोकांना नेमकं तेच करायला भाग पाडते, हे तुमच्या कानावर घालणं माझं काम आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

शार्पनेसची तक्रार आलेल्या प्रत्येक लेन्सचा लेखी तपासणी अहवाल ग्राहकाला द्या. झूम असेल तर किमान तीन फोकल लेंथला (झूमच्या टप्प्यांना), पूर्ण उघड्या अपर्चरला, मध्य आणि चारही कोपरे यांचे आकडे त्यात असावेत. शेजारी कंपनीची स्वीकार्य मर्यादा छापलेली असावी. चाचणीचे मूळ फोटो सोबत द्यावेत. अहवालावर तारीख, लेन्सचा सिरियल नंबर आणि तपासणाऱ्याची सही असावी. आकडे मर्यादेत असतील तर मी ते मान्य करीन. मला हवी आहे ती मर्यादा कागदावर.

ग्राहकाला हवं असेल तर तपासणी त्याच्यासमोर करा. लांबच्या गावातून येणं शक्य नसेल त्याला व्हिडिओवर दाखवा.

खरेदीनंतर तीस दिवसांच्या आत तक्रार आली आणि दोष निघाला, तर दुरुस्ती करून परत न देता नवी, सीलबंद लेन्स द्या किंवा पैसे परत करा. तीस दिवसांनंतर पण वॉरंटीत दोष निघाला तर काय दुरुस्त केलं आणि दुरुस्तीआधीचे व नंतरचे आकडे काय, ते लिहून द्या.

तुमचा निकाल मान्य नसेल तर दुसऱ्या, तुमच्याशी संबंध नसलेल्या तज्ज्ञाकडून तपासून घ्यायची सोय करा. दोष निघाला तर खर्च तुमचा, नाही निघाला तर आमचा. ग्राहक आयोगाला वस्तू प्रयोगशाळेत तपासून घ्यायचा अधिकार कायद्यात आहे, पण लेन्सचा एमटीएफ मोजून देणारी आणि सामान्य फोटोग्राफरला परवडणारी जागा माझ्या जिल्ह्यात मला सापडलेली नाही. सगळ्या कंपन्या मिळून मुंबई-पुण्यात अशी एक सोय उभी करू शकतात, खर्च तुमच्या जाहिरातींच्या मानाने काहीच नाही.

लेन्स तुमच्याकडे असेल तितके दिवस वॉरंटी पुढे वाढवा, आणि त्यावर पोट असलेल्याला तोवर चालवायला दुसरी लेन्स द्या.

आणि विक्रेत्यांना लेखी कळवा की सील तुटलं हे सदोष लेन्स बदलून न देण्याचं कारण होऊ शकत नाही.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला या पत्राची प्रत मी पाठवतो आहे. तपासणीची मानकं ग्राहकापासून लपवणं हा एका माणसाचा वाद नाही, अशा वस्तू घेणाऱ्या सगळ्या ग्राहकांचा प्रश्न आहे. प्राधिकरणाने तो त्याच नजरेने पाहावा, एवढी विनंती.

जिल्ह्याजिल्ह्यांतल्या फोटोग्राफर संघटनांनाही सांगणं आहे. आपण स्नेहमेळावे घेतो, कंपन्यांचे प्रतिनिधी येऊन नव्या लेन्स दाखवून जातात. पुढच्या मेळाव्यात एक भिंत आणि एक ट्रायपॉड ठेवा. ज्यांनी नवी लेन्स घेतली आहे त्यांच्या लेन्स तपासा, सिरियल नंबरासह नोंद ठेवा आणि त्या प्रतिनिधींसमोर ठेवा. नवी लेन्स घेणाऱ्याने पहिल्याच आठवड्यात ही चाचणी करावी, बिल आणि रॉ फाइल्स जपून ठेवाव्यात, तक्रार नेहमी लेखी करावी. काउंटरवरचं बोलणं पुढे कुठेच धरलं जात नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं कार्यालय कुठेही असो, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी तिथे शुल्क लागत नाही. तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, ती उलटू देऊ नका.

माझी लेन्स मी पुन्हा पाठवायला तयार आहे. मी स्वतः घेऊन येईन, समोर बसेन, तुमच्याच तक्त्यावर, तुमच्याच बॉडीवर तपासा. चारही कोपरे तुमच्या मर्यादेत आहेत असं आकड्यांत दाखवून दिलंत, तर तेही मी असंच जाहीरपणे लिहीन. दोष निघाला तर लेन्स बदलून द्या.

हे पत्र संबंधित कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला पोचदेय टपालाने जात आहे. पोचल्यापासून तीस दिवसांत लेखी उत्तर यावं. ते आलं नाही, किंवा पुन्हा तेच एका ओळीचं आलं, तर साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात मी तक्रार दाखल करीन.

आपला,
कराडचा एक लग्न-फोटोग्राफर